सरकारी कागदाची नक्कल : फी किती, कुठे आणि कशी भरावी

आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांची राहती घरे बडोद्यात आहेत, पण मूळ कागद सातारा, पुणे, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतल्या कचेऱ्यांत पडून आहेत. आजोबांच्या नावावरची जमीन, वाड्यातला हिस्सा, वडिलांच्या जन्माची नोंद, यांपैकी काहीतरी केव्हा ना केव्हा लागतेच. स्वतः जाणे जमत नाही, म्हणून कोणीतरी मध्यस्थ गाठला जातो आणि तो ‘सरकारी फी’ म्हणून काही हजारांचा आकडा सांगतो. दर माहीत नसल्यामुळे आपण पैसे देतो, नाहीतर कागदाचा नाद सोडतो. हक्क असूनही केवळ कागद हाती नाही म्हणून हिस्सा सोडून दिलेली घरे आपल्या ओळखीत आहेत. प्रत्यक्षात नकलेची फी फारच थोडी असते. ती कोणत्या कायद्याखाली आणि किती, एवढे ठाऊक असले की पुढचे काम सोपे होते. सभासदांच्या उपयोगासाठी ही माहिती आम्ही येथे एकत्र दिली आहे.

आधी कचेरी ठरवा

सरकारी कागद मिळवण्याच्या मुख्यतः तीन वाटा आहेत : ज्या कायद्याखाली तो कागद ठेवला जातो त्याच कायद्याखाली प्रमाणित नक्कल घेणे, ऑनलाइन उतारा काढणे, आणि माहिती अधिकाराचा अर्ज करणे. सगळे काही माहिती अधिकारात मागायचे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पुष्कळदा पहिल्या दोन वाटा जास्त जवळच्या असतात.

खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत यांसारखे स्थावर मिळकतीचे नोंदलेले दस्त दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे ठरलेली फी भरून कोणालाही ते पाहता येतात व त्यांची प्रमाणित नक्कल घेता येते. अशी नक्कल मूळ दस्तातील मजकुराचा पुरावा म्हणून चालते. पुस्तक क्रमांक ३ मध्ये मृत्युपत्रे असतात. त्यांची नक्कल मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतरच इतरांना मिळते. या नकलांची फी राज्य सरकार ठरवते. त्याच कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे फीचा तक्ता इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या भाषेत प्रत्येक नोंदणी कार्यालयात लोकांना दिसेल असा लावणे बंधनकारक आहे. म्हणून खिडकीशी विचारण्याआधी भिंतीवरचा तक्ता वाचावा.

जन्म-मृत्यूची नोंद केल्यावर पहिला दाखला माहिती देणाऱ्याला मोफत मिळतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १२ मध्ये तसे म्हटले आहे. पुढे केव्हाही शोध घेऊन उतारा हवा असेल तर कलम १७ प्रमाणे फी भरावी लागते. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही. ते का लिहिले नाही म्हणून कचेरीशी वाद घालण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रातील जमिनीचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ‘महाभूमी’ पोर्टलवर १५ रुपयांत घरबसल्या निघतो. नुसता पाहण्यासाठी बिनस्वाक्षरीचा सातबारा मोफत दिसतो. त्यामुळे साध्या सातबाऱ्यासाठी कोणालाही तालुक्याच्या गावी पाठवण्याची गरज राहिलेली नाही.

न्यायालयातील दाव्याचे कागद हवे असतील तर न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच नकलेचा अर्ज करावा. गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये तसा निर्णय दिला आहे. तेथे माहिती अधिकाराचा अर्ज केला तर वेळ फुकट जातो.

माहिती अधिकारातील दर

एखादी फाइल, त्यावरचे शेरे, आपल्या अर्जाचे पुढे काय झाले, पेन्शनचा कागद कोणाच्या टेबलावर अडला, अशा गोष्टींसाठी मात्र माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाच मार्ग आहे. अर्ज नागरिकाने करायचा असतो. म्हणून तो मंडळाच्या किंवा ट्रस्टच्या नावाने न करता स्वतःच्या नावाने करावा.

केंद्र सरकारच्या कार्यालयांना २०१२ चे नियम लागू आहेत. त्यांतील दर असे :

अर्ज फी १० रुपये.
ए-४ किंवा ए-३ आकाराचे पान प्रत्येकी २ रुपये. मोठ्या आकाराच्या कागदाला प्रत्यक्ष खर्च.
फाइल समक्ष पाहण्यासाठी पहिला तास मोफत. पुढच्या प्रत्येक तासाला किंवा त्याच्या भागाला ५ रुपये.
टपाल खर्च ५० रुपयांपेक्षा जास्त झाला तर फक्त वरची रक्कम.
पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाला फी नाही.

उदाहरण घेऊ. १४० पाने मागितली आणि टपालाला ९० रुपये लागले, तर पानांचे २८० आणि टपालाचे ४० मिळून ३२० रुपये होतात. कर्मचाऱ्याचा वेळ, जुने दप्तर शोधण्याची मजुरी असा कोणताही रकाना या नियमांत नाही. या माहितीवर जीएसटीही नाही. जानेवारी २०१८ पासून ती सेवा करमुक्त आहे.

राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. गुजरातमध्ये अर्ज फी २० रुपये आहे. महाराष्ट्रात ती १० रुपये असून अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत बसवावा लागतो. मध्य प्रदेशात पहिल्या अपिलाला ५० आणि दुसऱ्याला १०० रुपये पडतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना हे सांगून ठेवावे. तेलंगणात गावपातळीवर फी नाही, मंडल पातळीवर ५ आणि त्यावर १० रुपये आहे, हे हैदराबादकरांनी लक्षात ठेवावे. काही संस्थांनी स्वतःचे दर फार चढे ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सांगितले की अर्जाची फी साधारणपणे ५० रुपयांपेक्षा आणि पानाचा दर ५ रुपयांपेक्षा जास्त नसावा.

गुजरातचा स्टॅम्प महाराष्ट्रातल्या अर्जाला चालत नाही. आपल्यासाठी सोपे म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या माहिती अधिकार पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करून तेथेच फी भरणे. केंद्रीय कार्यालयांसाठीही तसे वेगळे पोर्टल आहे. पोस्टल ऑर्डर पाठवायची असेल तर केंद्रीय कार्यालयासाठी ती त्या कार्यालयाच्या ‘लेखा अधिकारी’ या नावाने काढावी आणि तिचा क्रमांक अर्जात लिहावा. नावाची जागा कोरी सोडू नये.

जादा पैसे मागितले तर

या कायद्यातले कलम ७ सभासदांनी नीट समजून घ्यावे. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. नकलांची फी हवी असेल तर अधिकाऱ्याने ती लेखी कळवायची, रक्कम कशी आली त्याचा हिशोब द्यायचा, आणि ती मान्य नसेल तर अपील कोणाकडे करायचे तेही लिहायचे. तोंडी सांगितलेला आकडा ही मागणी होत नाही. मागणीपत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांत धरले जात नाहीत, म्हणून रक्कम बरोबर असेल तर लगेच भरून टाकावी.

दोन सवलती याच कलमात आहेत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराकडून फी घेता येत नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी. आणि मुदतीत माहिती दिली नाही तर ती पुढे मोफतच द्यावी लागते. चाळिसाव्या दिवशी पहिल्यांदा फीचे पत्र आले तर कलम ७(६) चा उल्लेख करून विनामूल्य प्रती मागाव्यात. तरीही ऐकले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील अपील अधिकाऱ्याकडे जावे. तेथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

बँकेत आम्ही वर्षानुवर्षे एक शिस्त पाळली : पावतीशिवाय पैशाची देवघेव नाही. ती इथेही उपयोगी पडते. फी भरल्याची पावती, ऑनलाइन अर्जाचा नोंदणी क्रमांक, टपालाची पोच, हे सगळे तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावावे. अपिलाच्या वेळी दिवस मोजले जातात आणि ते या कागदांवरूनच मोजता येतात.

खर्च वाचवण्याचा आणखी एक उपाय म्हणजे फाइल मोठी असेल तर आधी ती पाहण्याची परवानगी मागावी. गावाकडचा भाऊ किंवा भाचा जाणार असेल तर त्याच्या नावाने अर्ज करावा. पाने पाहून, लागतील तेवढ्यांवर खूण करून त्यांच्याच प्रती घ्याव्यात. जुने कागद मोडीत निघाले तर लिप्यंतराचा खर्च वेगळा येतो, नकलेच्या फीत तो धरलेला नसतो. कोणते दोन-तीन कागद कामाचे आहेत हे आधी ठरले की हाही खर्च आटोक्यात राहतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना गट क्रमांक, दस्ताचे वर्ष, नोंदणीचे गाव आजही आठवत असते. ते आत्ताच एका वहीत उतरवून ठेवावे. नक्कल दहा-वीस रुपयांत मिळते, पण कोणती नक्कल मागायची ते सांगणारी माणसे नेहमी आपल्याजवळ असतील असे नाही.