यादवगिरीची येझदी

आज इतिहास सांगायचा आहे तो एका मोटरसायकलचा. सुरुवात मात्र झावळ्यांच्या ढिगापासून करावी लागेल.

२०१७ साली मी नोकरीच्या निमित्तानं म्हैसूरला राहत होतो. घरमालकांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या परसात, नारळाच्या वाळलेल्या झावळ्यांखाली, एक येझदी रोडकिंग पडून होती. १९८६ चं मॉडेल. टाकीला आतून गंज, सीटमध्ये उंदरांचा संसार, आणि किक इतकी घट्ट की वर उभं राहिलं तरी हलेना. सत्तावीस हजारांना सौदा ठरला. माझं एकूण बजेट साठ हजारांचं. म्हणजे जवळजवळ अर्धे पैसे न चालणारी गाडी घेण्यातच गेले.

तुम्ही म्हणाल, हा शहाणपणा कशासाठी? तर सांगलीत माझ्या काकांकडे मरून रंगाची जावा होती. ती गल्लीच्या तोंडाशी आली की आजी आवाजावरून चहाचं आधण ठेवायची. तो आवाज कानात राहिला, बाकी काही नाही. मला जावाचा इतिहास तेव्हा ठाऊक नव्हता, आणि आपण ज्या गावात राहतो तिथेच काकांची गाडी जन्मली हेसुद्धा मला घरमालकांनी सांगितलं.

म्हैसूरच्या रेल्वे स्टेशनपासून फार लांब नाही असा यादवगिरी हा भाग. तिथे १९६० च्या सुमारास आयडियल जावा ही कंपनी उभी राहिली. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी हे तिचे संस्थापक. त्याआधी परदेशी जावा आयात करून इथे विकल्या जात. पण पन्नासच्या दशकात सरकारनं आयातीवर बंधनं आणली आणि गाडी विकायची तर ती इथेच बनवायला हवी, अशी वेळ आली. मद्रासला एनफिल्ड १९५५ पासून सुरू झाली होती, पुण्यात बजाज स्कूटरच्या तयारीत होते. इराणींनी म्हैसूर निवडलं. उद्योगांना जागा द्यायची सवय या संस्थानाला आधीपासून होती. रेशमाचा कारखाना, चंदन तेलाचा कारखाना, आणि मतदानाच्या वेळी आपल्या बोटाला लागते ती शाई बनवणारा रंगांचा कारखाना, सगळे इथलेच. जावाच्या कारखान्याचं उद्घाटन जयचामराजेंद्र वडियार यांनी केलं. ते पूर्वीचे महाराजा आणि तेव्हाचे म्हैसूर राज्याचे राज्यपाल. १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या.

गाडी मूळ झेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्तिशेक यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकल विभाग घेतला. यानेचेकमधला ‘जा’, वांडररमधला ‘वा’, झाली जावा. (झेक उच्चार ‘यावा’. पण काकांसमोर कुणी ‘यावा’ म्हटलं असतं तर त्यांनी ‘बसा, चहा घ्या’ म्हटलं असतं.) म्हैसूरला बनू लागली ती अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक. एकच सिलिंडर, पण त्यातून दोन सायलेन्सर निघतात. आणि डाव्या बाजूला एकच दांडी: आत दाबून वर फिरवली की किक, परत खाली आणली की गिअर. पहिल्यांदा बघणारा माणूस किक शोधत उजवीकडे जातो आणि फसतो.

परवान्याचा करार संपल्यावर १९७३ च्या सुमारास नाव बदललं आणि टाकीवर ‘येझदी’ आलं. इराणमधलं यझ्द हे शहर झरतुष्ट्री लोकांचं जुनं ठिकाण. आपल्याकडच्या इराणी कुटुंबांचे पूर्वज बहुतेक त्याच भागातून आलेले. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत बन-मस्का खाताना भिंतीवर ज्या मुलखाची आठवण टांगलेली असते, तीच इथे टाकीवर चढली. १९७८ मध्ये रोडकिंग आली. पण नाव बदललं, टाकीचा आकार बदलला, तरी इंजिनाचा गाभा फारसा हलला नाही. ६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, आणि पेट्रोलच्या टाकीतच मिसळायचं ऑइल. गाड्या विकत घ्यायला लोक नंबर लावत होते. गाडी बदलायची गरज कुणाला वाटली असेल?

ती गरज १९८५ च्या आसपास दाराशी आली. टीव्हीएस-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १००, लगोलग बजाज-कावासाकी. हलक्या, शंभर सीसीच्या गाड्या. पेट्रोल वाचवणाऱ्या. येझदी तेव्हाही पंधरा वर्षांपूर्वीसारखीच धूर सोडत होती. नव्वदच्या दशकात धुराचे नियम आले, ते १९९६ मध्ये आणखी कडक झाले, आणि त्याच वर्षी यादवगिरीचं उत्पादन थांबलं. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानं कंपनी अवसायनात गेली. लोक सगळा दोष धुराच्या नियमांना देतात. मला ते अर्धंच पटतं. ज्या गाडीनं पंचवीस वर्षांत स्वतःला फारसं बदललं नाही, तिला नियमांनी फक्त तारीख दिली.

आता माझ्या गाडीकडे येतो. मंडी मोहल्ल्यात एका बोळात एक म्हातारे फिटर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. यादवगिरीच्या कारखान्यात त्यांनी इंजिन जोडण्याचं काम केलेलं. कारखाना बंद झाल्यावर माणसं पांगली. कुणी रिक्षा घेतली, कुणी शेतीवर गेलं, काहींनी अशा बोळांत टपऱ्या टाकल्या. चाचांनी गाडीला हात लावण्याआधी आरसी बुक मागितलं आणि इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर कापडानं पुसून त्याच्याशी ताडून पाहिला. नंबर जुळला नसता तर त्यांनी काम घेतलं नसतं, असं नंतर कळलं.

मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवले. मला करायची होती कॅफे रेसर. मागची फ्रेम कापायची, छोटी एकट्याची सीट, बुटकं हँडल, सायलेन्सरच्या जागी उघडी नळी. चाचांनी फोन परत दिला आणि दखनीत म्हणाले, ‘‘सब करो सर, फ्रेम काटना नक्को.’’

त्यांच्या तोंडचा ‘नक्को’ ऐकून मी हसलो. आपल्याच ‘नको’चा तो दखनी भाऊ, शतकांपूर्वी दख्खनच्या बाजारांतून त्या भाषेत गेलेला. पण फ्रेमचं उत्तर मी लगेच दिलं नाही. पैसे माझे, गाडी माझी, असं तेव्हा डोक्यात होतं.

आधी इंजिन. पिस्टन सिलिंडरमध्ये धरला होता. चाचांनी प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं आणि आठ दिवस गाडीकडे बघितलंही नाही. नवव्या दिवशी किक हलली. सिलिंडर बोअर करून एक साइझ मोठा पिस्टन आणि रिंगा, कनेक्टिंग रॉडचं किट, बेअरिंग, क्रँकची ऑइल सीलं. ही सीलं दिसायला वॉशरएवढी, पण टू-स्ट्रोकचा जीव त्यात असतो. डाव्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि गाडी चुलीसारखी पांढरा धूर सोडते. जुनी येझदी घेणार असाल तर विकणारा ‘फक्त कार्बोरेटर साफ करायचाय’ म्हणेल, तेव्हा हा धूर बघा. इंजिनाला एकूण साडेतेरा हजार लागले.

आणि इथेच मला त्या इतिहासाचा दुसरा पैलू दिसला. क्लच प्लेटा मला पुण्याहून नाना पेठेतून मिळाल्या, त्या जुन्या जावाच्या म्हणून ठेवलेल्या. गिअरबॉक्समधला एक दात तुटलेला गिअर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आला, कुठल्या सालच्या गाडीतला ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. बसला बरोबर. किकचा एक बुश कुठेच मिळेना, तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पितळेचा करून घेतला. कंपनी बंद होऊन दोन दशकं झाली होती आणि तरी साठ हजारांच्या बजेटात गाडी उभी राहत होती, कारण ती कधी बदललीच नव्हती. ज्या आळसानं कारखाना बुडाला, त्यावर माझ्यासारखे लोक आज स्वस्तात गाड्या जिवंत करतात. हे चाचांना सांगावं असं एकदा मनात आलं. सांगितलं नाही. त्यांची नोकरी त्या आळसात गेली होती.

टायर-ट्यूब बेचाळीसशे, वायरिंग आणि बॅटरी तेहतीसशे. टाकीचं वेल्डिंग आणि रंग सहा हजार. क्रोमचा मात्र नाद सोडला. एका दुकानात मडगार्डला क्रोमिंग करून घेतलं ते दोन महिन्यांत फुगून सुटलं, मग सरळ काळा रंग दिला. पैसे कमी असतील तर क्रोमच्या मागे लागू नका, हे माझं मत. जुना पत्रा नीट घासल्याशिवाय त्यावर काही टिकत नाही, आणि नीट घासायचे पैसे वेगळे लागतात.

राहिली फ्रेम. एका रविवारी चाचा मला त्यांच्या टपरीमागे घेऊन गेले. तिथे एक कापलेली येझदी उभी होती. कुणी हौशी मुलानं कापून, अर्धी बनवून सोडलेली. फिटनेसला नेली तर आरसीतल्या वर्णनाशी जुळेना, विकायला काढली तर कुणी घेईना. चाचा तिचे सुटे भाग काढून दुसऱ्या गाड्यांना लावत होते. कायद्याचं मी नंतर वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण चासी आणि इंजिन मुळातलं असेल तरच. माझ्या गाडीला ती पन्नास वर्षं २०३६ मध्ये होतील. पण त्या रविवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त ती कापलेली गाडी बघितली.

मग मी बदल केले ते चार नटबोल्ट उघडले की परत जातील असे. सपाट सीट, तीही मूळ जागेवर बसणारी. थोडं खाली आलेलं हँडल. मूळ सीट आणि हँडल गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलं. या सगळ्याला अडीच हजार. सटरफटर साडेतीन. साठ हजार तिथे बरोबर संपले, आणि मग लक्षात आलं की कागदांचा खर्च धरलाच नव्हता. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, विमा, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. पुढे महाराष्ट्रात न्यायची तर फॉर्म २८ ची एनओसी. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, कुठूनही दुसऱ्या राज्यातली जुनी गाडी घेणार असाल तर हा आकडा सौद्याच्या आधी विचारून घ्या. मी नंतर विचारला आणि पुढच्या दोन पगारांतून भरला.

२०१८ मध्ये नव्या कंपनीनं जावा पुन्हा बाजारात आणली, आणि त्यानंतर जुन्या गाड्यांचे भाव असे चढले की सत्तावीस हजारांत आज मला फक्त इंजिन मिळेल. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभरातले जावा-येझदीवाले एकत्र जमतात. मी एकदाच गेलो. गाड्या आरशासारख्या चकचकीत होत्या, माझी काळ्या मडगार्डची एका कडेला.

गाडी पहिल्यांदा नीट सुरू झाली ती सप्टेंबरच्या एका संध्याकाळी. मला वाटलं, झालं. चाचांनी मान हलवली, बंद करायला लावली, उजवीकडचं झाकण उघडलं आणि फीलर गेजनं पॉइंटमधलं अंतर मोजलं. ०.४ मिलिमीटर हवं, थोडं जास्त होतं. स्क्रू अगदी जरासा फिरवून त्यांनी पुन्हा किक मारली, कान सिलिंडरच्या दिशेनं नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, आता यादवगिरीकडून एक फेरी मारून या. मी मागे बसायचं का विचारलं, तर त्यांनी झाकणाचे स्क्रू उचलले आणि म्हणाले, ‘‘नक्को. तुम जाओ.’’