हस्तपत्रकांचे ऐतिहासिक मोल

ग्रंथ जपण्यासाठी छापला जातो. हस्तपत्रक एका दिवसापुरते. नाटकाची जाहिरात, लग्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका ही त्याच कुळातली. छापखान्यात या कामाला 'जॉबवर्क' म्हणतात. इतिहासलेखनात त्याला अद्याप पुरेसे स्थान लाभलेले नाही.

या उपेक्षेचे एक कारण कायद्यातच सापडते. बेळगाव ज्या मुंबई इलाख्यात होते, तेथे लागू असलेल्या १८६७ च्या छापखानेविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ घालणे सक्तीचे केले. मात्र पुस्तकांप्रमाणे पत्रकांच्या प्रती सरकारजमा करण्याचे बंधन घातले नाही. पुस्तके सूचीत आली. पत्रके वाऱ्यावर राहिली.

वस्तुतः जे ग्रंथात येत नाही तेच पत्रकात असते. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, हे वाङ्मयेतिहास सांगतो. पण एखाद्या गावी नाटकाचा खेळ कोठे लागला, तिकिटाचा दर काय होता, स्त्रियांची बसण्याची सोय कशी होती, हे सांगावे ते हस्तपत्रकानेच.

पत्रकावर पुष्कळदा वार, तारीख व तिथी असते, सन नसतो. अशा वेळी जुनी पंचांगे उपयोगी पडतात. ठरावीक तारखेला ठरावीक वार आणि तीच तिथी असा तिहेरी मेळ क्वचितच जुळतो. म्हणून बहुधा एकच वर्ष हाती उरते. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले. तेही वर्ष सरताच टाकून देण्याचेच साहित्य! एका टाकाऊ कागदाने दुसऱ्याचा काळ सांगावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

या कागदांना कलामूल्यही आहे. मोजक्या खिळ्यांतून लहानमोठी अक्षरे निवडून, वेलबुट्टीची चौकट जुळवून जुळारी जी मांडणी साधत असे, तिच्यात त्याची दृष्टी दिसते. तिच्याखाली त्याचे नाव कधीच नसते.

सीमाभागात या कागदांचे मोल विशेष आहे. १९४६ चे बेळगावचे साहित्य संमेलन आणि १९५६ ची राज्यपुनर्रचना यांची नोंद इतिहासात आहे. पण रस्त्यावर, बाजारात, लग्नमंडपात कोणती भाषा कोणासाठी छापली जात होती, याचा पुरावा घराघरांतील ट्रंकांत आहे. एकाच पानावर मराठी व कन्नड मजकूर असेल, तर तोही तितक्याच आस्थेने जपावा.

माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : घर आवरताना जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा पाहावेत. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये; कागद कोठे मिळाला ते पाठीमागे पेन्सिलीने लिहावे आणि तो शाळेच्या ग्रंथालयात द्यावा.