नाक, वेसण आणि पुण्याचा कुंभार

मराठी माणसाचं अब्रूचं चालू खातं नाकावर असतं. नाक वर करून चालणं ही जमा, नाक घासणं हे नावे, आणि नाक कापलं गेलं की खातं बंद. आम्ही पडलो बी.कॉम.; इतिहासाकडेही खतावणीच्याच नजरेनं बघतो.

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला मी प्रथम गेलो तो इतिहासासाठी नव्हे, बैल बघायला. कर्ज काढून घेतलेली जोडी जागेवर आहे की नाही, हे पाहून सही ठोकायची होती. मी कानातला बिल्ला कागदाशी ताडत होतो, तर म्हातारबाबा म्हणाले, "बिल्ला काय बघताय सायेब? येसन बघा. फुडच्या मऊ जागंवर टोचलीय. कुर्चंला धक्का न्हाय."

म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक. एवढं मोठं जनावर आपण त्या एका भोकाच्या जोरावर वळवतो.

उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या सुभेदारांचा देह मढे घाटातून इथं आणला, घाटाचं नावही त्यावरूनच पडलं, असं सांगतात. समाधी आहे, पुतळा आहे. नाव राहिलं. मला मात्र त्या वेसणीवरून आठवला तो सव्वाशे वर्षांनंतरचा एक बैलवाला.

त्याचं नाव कावसजी. वाचून पारशी वाटेल, पण मूळ मजकुरात तो मराठा शेतकरी म्हटला आहे. इंग्रजी कानातून जाताना नावाचं काय झालं असेल ते असो. १७९२ च्या लढाईत तो इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परत आला. जन्मभर दुसऱ्यांच्या नाकातली दोरी धरणाऱ्याच्या वाट्याला हे यावं! वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा-कौलं करणाऱ्या कुंभारानं त्याला नवं नाक बसवून दिलं.

कसं? तर मेणाचा पातळ पत्रा थोट्या नाकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण सगळी नाही! दोन भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, कारण रक्त तिच्यातूनच येणार. मग ती कातडी पिळा देऊन खाली आणायची, जुन्या नाकाची कड ताजी करून तिथं खाच पाडायची आणि नाकपुड्या नि मधला पडदा त्या खाचेत बसवायचा. वरून पानात खातो तो कात, पाण्यात कालवून, फडक्याच्या पट्ट्यांवर. चार दिवसांनी तुपाच्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ चिंध्या. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, जोड पक्का झाला की, ती पट्टी कापायची. आमच्याकडे कर्ज फिटल्याशिवाय जामीन सुटत नाही, त्यातलाच प्रकार.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे सचित्र छापून आलं. त्यात अशी शस्त्रक्रिया पाहिलेल्या मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत, रुग्णाचं आहे. चित्रकार जेम्स वेल्स. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना रंगवणारा तोच. कुंभाराची फक्त जात दिली आहे! आमच्या बँकेत असं व्हाउचर परत जातं: 'नाव नाही'.

त्यावरून लंडनच्या जोसेफ कार्पूनं आधी प्रेतांवर हात बसवला, १८१४ साली जिवंत माणसावर ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं. सुश्रुतानं पानाच्या मापानं गालाची कातडी घेऊन नाक करायला सांगितलं होतं. पण युरोपला ते उमगलं आमच्या कुंभारामार्फत.

बाहेरचं नाक जमलं, आतल्या पडद्याचं दुखणं मात्र अजून चिवट आहे. नाक कोरण्याच्या सवयीनं, क्रोमच्या मुलाम्याच्या वाफांनी, कोकेननं किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनं पडद्याला भोक पडतं. खपल्या धरतात, रक्त येतं, भोक लहान असेल तर श्वासाबरोबर शिट्टी वाजते. पडद्यातल्या कुर्चेला स्वतःचं रक्त नाही. ती दोन्ही बाजूंच्या अस्तरावर जगते. म्हणून अस्तर ओढून शिवतात आणि मध्ये काहीतरी घालतात: कानशिलाच्या स्नायूवरचा पापुद्रा, कानाची कुर्चा, नाहीतर पेशी काढून टाकलेलं डुकराच्या आतड्याचं अस्तर.

असली नवी ठिगळं आधी जनावरांवर तपासतात, पुष्कळदा सशावर. बैलाला भोक पाडलं वळवण्यासाठी. सशाला पाडायचं ते बुजतं कसं हे बघण्यासाठी. बिचाऱ्याला ना नांगर ना गाडी! काही आठवड्यांनी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: ठिगळात सशाच्या पेशी शिरल्या का, नव्या रक्तवाहिन्या आल्या का? पट्टीवर सुरी ठेवण्याआधी पुण्याच्या त्या कुंभारालाही हेच ठरवायचं होतं, नुसत्या डोळ्यांनी.