एका शर्यतगाडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द कानीं पडला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें देवळें, वाडे, घाट आणि तटबंद्या उभ्या राहतात. ज्या वस्तूला दोन-तीनशें वर्षें होऊन गेलीं तीच जीर्ण, असा आपला एक समज आहे. यंत्रांच्या जगांत मात्र काळाचें माप निराळें असतें. तेथें तीस-चाळीस वर्षांच्या आंत एखादी वस्तु जन्माला येते, कीर्ति मिळविते, कायद्याच्या कचाट्यांत सांपडते, बाजारांतून नाहींशी होते, आणि मग तिचे अवशेष गोळा करणारे लोक निर्माण होतात. अशाच एका यंत्राची हकीकत आज मला आपल्यापुढें मांडावयाची आहे.

अमेरिकेंत या यंत्राला क्वाड म्हणतात. रुंद फुगीर टायरांचीं चार चाकें, मोटारसायकलीसारखी बैठक व हँडल, आणि पोलादी नळ्यांच्या सांगाड्यांत बसविलेलें उघडें इंजिन, एवढाच तिचा संसार. हिला रस्ता नको. वाळूच्या टेकड्या, चिखल आणि खांचखळगे हेंच तिचें रान. १९८५ पासून पुढें कांहीं वर्षें जपानी कारखान्यांनीं या जातीच्या ज्या खास शर्यतगाड्या काढल्या, त्यांचीं इंजिनें टू-स्ट्रोक पद्धतीचीं होतीं. मूळच्या कारखान्यांत त्या आतां तयार होत नाहींत. पडवींत, गुदामांत आणि शेतघरांच्या मागें गंजत पडलेल्या या गाड्या पुन्हां उभ्या करण्याचा नाद तेथील पुष्कळांना आहे.

टू-स्ट्रोक इंजिन आपल्यालाहि अनोळखी नाहीं. पुण्यानजीक आकुर्डीस पूर्वीं तयार होणारी चेतक स्कूटर, लूना, राजदूत, यामाहा आर. एक्स. १०० हीं सारीं वाहनें याच कुळांतलीं. पंपावर पेट्रोलाबरोबर मापानें तेल ओतून घेणें, किक मारल्यावर अंगणांत पसरणारा निळसर धूर आणि तो तडतडणारा आवाज महाराष्ट्रांतील दोन पिढ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनांत पिस्टनच्या चार फेऱ्यांमागें एक स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्यें दोनच फेऱ्यांमागें होतो. झडपा उघडण्या-मिटण्याचा खटाटोप येथें नसतो. सिलिंडरच्या भिंतीला ठेवलेलीं भोकें पिस्टन स्वतःच्या अंगानें झांकतो व उघडतो. त्यामुळें इंजिन हलकें आणि वजनाच्या मानानें जोरकस होतें. परंतु त्याची किंमतहि द्यावी लागते. वंगणाचें तेल पेट्रोलाबरोबर जळतें, आणि ताज्या मिश्रणाचा कांहीं भाग न जळतांच धुराबरोबर बाहेर निसटतो. हा दोष श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें या यंत्राच्या अखेरीशीं त्याचा संबंध येणार आहे.

या विद्येचें एक मोठें माहेर जर्मनींतील चोपाऊ हें लहानसें गांव होय. तेथील डी. के. डब्ल्यू. कारखान्यानें १९३९ च्या सुमारास आर. टी. १२५ ही साधी टू-स्ट्रोक मोटारसायकल काढली. महायुद्धानंतर तिच्या नकला अनेक देशांत निघाल्या, आणि यामाहानें १९५५ सालीं आपली पहिली मोटारसायकल बनविली ती याच नमुन्यावरून. चोपाऊचा कारखाना पुढें पूर्व जर्मनीच्या ताब्यांत जाऊन एम. झेड. या नांवानें चालूं लागला. तेथें वाल्टर काडेन नांवाच्या इंजिनियरानें एक गोष्ट कसून अभ्यासिली. बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबलहरी एका विशिष्ट आकाराच्या नळींतून परत फिरविल्या, तर निसटूं पाहणारें मिश्रण त्या पुन्हां सिलिंडरांत ढकलतात. मधोमध फुगलेली व दोन्हीं टोंकांना निमुळती अशी ती नळी हेंच पुढें प्रत्येक टू-स्ट्रोक शर्यतगाडीचें लक्षण होऊन बसलें. १९६१ सालीं काडेनचें १२५ सी. सी. चें इंजिन २५ अश्वशक्तीपर्यंत पोंचलें होतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत काडेनचा निष्णात स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधील शर्यतीच्या निमित्तानें बाहेर पडला तो परतलाच नाहीं. तो सुझुकीला जाऊन मिळाला, आणि जातांना ही विद्याहि घेऊन गेला. १९६२ सालीं ५० सी. सी. गटांतील जगज्जेतेपद त्यानें सुझुकीला मिळवून दिलें. म्हणजे जपानच्या दोन मोठ्या घराण्यांचा टू-स्ट्रोक वारसा एका जर्मन गांवाशीं जाऊन भिडतो.

आतां चाकांकडे वळूं. हिवाळ्यांत मोटारसायकली खपत नाहींत, तेव्हां त्या दिवसांत विकतां येईल असें कांहीं तरी द्या, अशी मागणी अमेरिकेंतून होंडाकडे आली. तीवरून १९७० सालीं फुगीर टायरांची एक तीनचाकी निघाली. ती गंमतीची वस्तु म्हणून आली आणि शेतकऱ्यापासून शिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या उपयोगीं पडली. १९८१ सालीं होंडानें तिच्यांत २५० सी. सी. चें टू-स्ट्रोक इंजिन घातलें, आणि गंमतीचें रूपांतर शर्यतींत झालें. सुझुकीनें १९८२ सालीं चौथें चाक जोडून पाहिलें, आणि १९८५ सालीं एल. टी. २५० आर. ही खरीखुरी चारचाकी शर्यतगाडी बाजारांत आणली. पाठोपाठ १९८६ सालीं होंडाची टी. आर. एक्स. २५० आर. आली. १९८७ सालीं यामाहाची बॅन्शी, कावासाकीची टेकाटे-४ आणि सुझुकीची ५०० सी. सी. ची गाडी अशा तीन गाड्या एकदम आल्या. तीन वर्षांत पांच गाड्या! अशी चुरस या क्षेत्रांत त्यापूर्वीं झाली नव्हती.

परंतु याच वर्षांत दुसरीहि एक मोजणी चालूं होती, ती अपघातांची. तीनचाकीच्या मागच्या दोन्हीं चाकांना एकच अखंड आंस असे. वळणावर स्वारानें अंग झोंकून तोल सांभाळला नाहीं तर गाडी उलटे. शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. अमेरिकन सरकारनें न्यायालयांत धांव घेतली, आणि १९८८ च्या एप्रिलमध्यें कारखानदारांशीं झालेल्या तडजोडीला न्यायालयानें मान्यता दिली. नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. चारचाकींवर इशारे, शिक्षण आणि वयाचीं बंधनें आलीं. शर्यतगाड्यांवर सरळ बंदी नव्हती, तरी व्यापाऱ्यांचा उत्साह ओसरला. टेकाटे-४ दोन वर्षांत, होंडाची गाडी १९८९ सालीं, सुझुकीची पांचशें १९९० सालीं आणि अडीचशें १९९२ सालीं थांबली. एकटी बॅन्शी टिकून राहिली.

येथून जीर्णोद्धाराची कथा सुरू होते, कारण कारखान्यानें यंत्र बनविणें थांबविलें म्हणून यंत्र मरत नाहीं. त्याचा शेवटचा सुटा भाग मिळेनासा होतो तेव्हां तें मरतें. देवळाचा चिरा निखळला तर पाथरवट दुसरा घडवितो. पण पिस्टन, बेअरिंग, ऑइल सील हे भाग ठराविक मापाचेच लागतात, आणि तें माप पाव मिलीमीटरनेंहि चुकून चालत नाहीं.

ज्या काळांत या गाड्या विकल्या गेल्या त्या काळीं सुट्या भागांच्या याद्या विक्रेत्यांजवळ सूक्ष्मचित्रांच्या फिल्मवर असत; दुकानदार त्या भिंगाच्या यंत्रांत घालून वाचून दाखवी. होंडाच्या भागांचे क्रमांक म्हणजे एक छोटी लिपीच आहे. पहिले पांच आकडे भाग कोणता तें सांगतात. १३१०१ म्हणजे पिस्टन, मग गाडी कोणतीहि असो. मधलीं तीन चिन्हें तो भाग प्रथम कोणत्या गाडीसाठीं केला तें सांगतात. ही लिपि ज्याला वाचतां येते त्याला कळतें कीं आपल्या मोडक्या क्वाडमधील एखादें बेअरिंग मुळांत दुसऱ्याच एका मोटारसायकलीचें आहे, आणि तें अजून दुकानांत मिळतें. शिलालेखावरून राजवंशाचे धागे जुळवावे, तसाच हा उद्योग आहे. १९९५ सालीं ईबे ही लिलावाची पेठ संगणकावर सुरू झाली, आणि एका राज्यांतील अडगळींतला भाग दुसऱ्या राज्यांतील माणसाच्या हातीं पडूं लागला.

मात्र सर्व गाड्यांचें नशीब सारखें नाहीं, आणि त्यांतला भेद विचार करण्याजोगा आहे. बॅन्शीचें ३४७ सी. सी. चें दोन सिलिंडरांचें इंजिन यामाहाच्या आर. डी. ३५० एल. सी. या मोटारसायकलीच्या घराण्यांतलें. आपल्याकडे फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्यानें १९८३ पासून काढलेली राजदूत ३५० ही त्याच आर. डी. घराण्याची, पण हवेनें थंड होणारी, आधींची शाखा. बॅन्शी १९८७ पासून २००६ पर्यंत अमेरिकेंत फारसा बदल न होतां विकली गेली. वीस वर्षांचे भाग एकमेकांत बसतात. एक गाडी मोडली कीं दुसरी तीन जगतात. टेकाटे-४ चें उलट झालें. ती दोनच वर्षें निघाली, म्हणून तिच्यासाठीं नवे सांचे बनविण्यांत कोणाला फारसा नफा दिसला नाहीं. होंडाची कथा या दोहोंहून निराळी आहे. ती केवळ चार वर्षें निघाली, पण शर्यतवाल्यांनीं तिला सोडलें नाहीं. कारखाना थांबल्यावर लहान लहान कर्मशाळांनीं तिच्यासाठीं सांगाडे जोडले, सिलिंडर ओतले, क्रँककेससुद्धां नव्यानें घडविल्या. यामाहाची ४५० सी. सी. ची फोर-स्ट्रोक गाडी २००३ सालीं आली. तोंवर दहा-बारा वर्षें अमेरिकन मैदानांत याच इंजिनाचा दरारा होता. मालकानें टाकून दिलेली वस्तु वापरणाऱ्यांनीं जगविली, असें हें उदाहरण आहे. आयुष्य वाढविण्यास एक तर संख्या लागते, नाहीं तर निष्ठा. नुसती गुणवत्ता पुरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाबद्दल थोडें सांगतों. होंडाच्या सिलिंडरांत बिडाची स्लीव्ह असते. ६६ मिलीमीटरचा मूळ व्यास झिजला तर बोअर करून जरा मोठा पिस्टन बसवितां येतो. पण प्रत्येक वेळीं भिंत पातळ होते, आणि अखेर नवी स्लीव्ह घालावी लागते. क्रँक ही अनेक तुकडे दाबून जुळविलेली असते. तिचा कनेक्टिंग रॉड बदलावयाचा तर ती दाबयंत्रावर उकलून पुन्हां जुळवावी लागते, आणि डायल गेजवर फिरवून केंसभर वांकहि काढावा लागतो. हें काम करणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. मग येते हवाबंदपणाची परीक्षा. टू-स्ट्रोकमध्यें क्रँककेसलाच पंपाचें काम करावें लागत असल्यामुळें एखादें कडक झालेलें ऑइल सीलहि घात करतें. बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतें, पिस्टन तापतो आणि सिलिंडरांत जाम होतो. म्हणून जाणता कारागीर इंजिनाचीं सर्व तोंडें बंद करून आंत दर चौरस इंचास सुमारें ६ पौंड दाब भरतो, आणि तो सहा मिनिटें टिकतो कीं नाहीं तें पाहतो. रंग, चकाकी आणि चिकटपट्ट्या यांच्या मोहांत पडून हीं सहा मिनिटें जो वांचवितो, त्याला सगळें इंजिन पुन्हां उघडावें लागतें.

बॅन्शीचा शेवटहि सांगितला पाहिजे. न जळतां निसटणाऱ्या इंधनाचा जो दोष मीं आरंभीं सांगितला, त्याचा हिशेब अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें २००२ सालीं मागितला. मौजेच्या वाहनांच्या धुराला मर्यादा घालणारे नियम झाले, आणि २००६ पासून ते लागूं होऊं लागले. त्याच वर्षीं बॅन्शीची अमेरिकेंतील विक्री थांबली. हा निर्णय अन्यायाचा होता असें मला म्हणवत नाहीं. ज्या हवेंत मुलें श्वास घेतात तिचा अधिकार एका आवडत्या आवाजाहून मोठाच मानला पाहिजे.

मग हा जीर्णोद्धार कशासाठीं? पिस्टन नवा, स्लीव्ह नवी, सांगाडा नवा, मडगार्ड दुसऱ्याच कारखान्याचे. असें असतां गाडी जुनी कोणत्या अर्थानें? हा प्रश्न वाड्याचे वासे बदलतांनाहि विचारला जातो. मला वाटतें, टिकून राहते ती रचना आणि ती रचना समजून घेणारी बुद्धि. चोपाऊच्या कारागिरानें धुराच्या लाटेला कसें परत फिरविलें, हें पुस्तकांत वाचतां येईल. पण ती फुगीर नळी हातांत घेऊन, बसवून, तिचा परिणाम कानांनीं ऐकणारा मनुष्य तें निराळ्या रीतीनें जाणतो. विद्येचे असे कित्येक अंश केवळ हातांतच साठविलेले असतात, आणि हात थांबले कीं ते लोपतात.

याबरोबर एक कर्तव्यहि येतें. या गाडीच्या इतिहासांत मुलांचे मृत्यु आहेत, आणि त्यांना वगळून तिचा गौरव करणें म्हणजे अर्धा इतिहास सांगणें होय. ज्यानें ती उभी केली त्यानें इंजिनाच्या आधीं सांगाड्याच्या सांध्यांतील तडे तपासावे, ब्रेक व सांध्यांची खिळखिळ पाहावी, आणि ती अल्पवयीन मुलाच्या हातीं देऊं नये. तडजोडीच्या त्या कागदाची मुदत १९९८ सालीं संपली; पण ज्या कारणासाठीं तो लिहावा लागला त्या कारणाला मुदत नाहीं.