बांध, वहिवाट आणि काचेची तार

२०११ या एकाच वर्षात तीन घटना घडल्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्या वेळी कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. वर्षाच्या आरंभी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा वितरणाचा परवाना संपला आणि तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला मंजुरी दिली. हीच योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आणि डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या वायव्येस, लँकेशरमधील लून नदीच्या खोऱ्यात, काही शेतकरी आणि गावकऱ्यांनी स्वतःची फायबरची तार स्वतःच पुरायची म्हणून एक संस्था लोकांसमोर आणली आणि तिचे समभाग विक्रीला काढले. प्रस्तुत लेख मुख्यतः या तिसऱ्या घटनेविषयी आहे. पहिल्या दोन घटनांकडे मात्र शेवटी यावे लागेल, कारण लून खोऱ्याची गोष्ट मराठी वाचकाने नुसत्या कौतुकाने वाचली तर ती अर्धीच वाचल्यासारखी होईल.

संस्थेचे नाव ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’. आद्याक्षरांची आणि अंकाची जुळणी करून ते ‘बार्न’ असे उच्चारले जाते. बार्न म्हणजे शेतावरचे कोठार. नावातला हा खेळ मला उगाच केलेला वाटत नाही. या जाळ्याचा सगळा हिशेबच शेतावर उभा आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रदेश अगदीच अनोळखी नाही. लून नदीला मिळणाऱ्या लेक ओढ्याच्या काठी कोवन ब्रिज नावाचे खेडे आहे. ब्राँटे भगिनींपैकी चौघी १८२४ साली तेथील शाळेत गेल्या. थोरल्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, तिथे आजारी पडल्या आणि १८२५ मध्ये वारल्या. ‘जेन एअर’मधील लोवुडची शाळा ती हीच. कादंबरीतला गारठा आणि एकाकीपणा कल्पनेने वाढवलेला असेल, पण घरांमधली अंतरे खरी आहेत. टेकड्यांच्या उतारावर विखुरलेली शेतघरे, मधे कुरणे, आणि कुरणांच्या कडेने मैलोगणती पसरलेल्या, चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती.

या भिंतींना इतिहास आहे. सतराव्या शतकाच्या आरंभापासून विसाव्याच्या आरंभापर्यंत ब्रिटिश संसदेने पाच हजारांहून अधिक कुंपणकायदे संमत केले आणि त्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात घेतली. जिथे पूर्वी सर्वांची गुरे चरत, जळण वेचले जाई, पायवाटा जात, ती सामाईक जमीन खासगी झाली. गोल्डस्मिथने १७७० मध्ये उजाड खेड्यावर कविता लिहिली. हेल्पस्टन या आपल्या गावाविषयीचा १८०९ चा कुंपणकायदा जॉन क्लेअरच्या आयुष्यभराच्या जखमेसारखा राहिला. इंग्रजी कवितेच्या तासाला आपण हे शिकतो आणि शिकवतो. त्यानंतर त्या भिंतींचे काय झाले, हे सहसा विचारत नाही. त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि दोनशे वर्षांनी त्यांच्या खालून एक नळी जाऊ लागली.

नळीची गरज का पडली, ते थोडक्यात सांगतो. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येणारे इंटरनेट टेलिफोन केंद्रापासून जितके दूर जावे तितके क्षीण होत जाते. गावाच्या नाक्यावरच्या पेटीपर्यंत फायबर आणून पुढे जुनीच तार वापरायची, ही मोठ्या कंपन्यांची पद्धत शहरात चालून जाते. पेटीपासून चार-पाच किलोमीटरवरच्या शेतघराला तिचा उपयोग जवळजवळ शून्य. आणि नेमक्या याच काळात शेतकऱ्यांची सरकारी कामे संगणकावर जात होती. २०१५ साली तर इंग्लंडमधील शेती-अनुदानाचे अर्ज केवळ ऑनलाइन भरण्याचा घाट घातला गेला, आणि यंत्रणाच कोलमडल्याने मार्च महिन्यात पुन्हा कागदी अर्जांकडे वळावे लागले. लून खोऱ्यात याआधीही प्रयत्न झाले होते. रे या खेड्यात लँकेस्टर विद्यापीठाने बिनतारी जाळ्याचा प्रयोग केला. त्याने गावाला वेगवान इंटरनेटची चव लागली, आणि लाटांवर चालणाऱ्या जाळ्याच्या मर्यादाही कळल्या.

या खटपटीत दोन नावे वारंवार येतात. क्रिस्टिन काँडर या शेतकरी कुटुंबातल्या बाई, आणि बॅरी फोर्ड हे लँकेस्टर विद्यापीठात संगणक-जाळ्यांचे काम केलेले तज्ज्ञ. फोर्ड यांच्या आराखड्यातला मुख्य मुद्दा तांत्रिक नव्हता, आणि तो मला विलक्षण वाटतो. फायबर स्वतः स्वस्त असते. महाग असते ते खणणे. त्यातही रस्ता खणणे, कारण त्यासाठी परवाने काढावे लागतात, वाहतूक वळवावी लागते, डांबर पुन्हा घालून द्यावे लागते. कुरणात खणणे त्याच्या कितीतरी पट स्वस्त. मग तार रस्त्याने न्यायचीच कशाला? शेतातून न्यावी. अडचण एवढीच की शेत दुसऱ्याचे असते, आणि दुसऱ्याच्या जमिनीतून तार नेण्याच्या परवानगीसाठी इंग्लंडमध्ये मालकाला मोबदला देण्याचा प्रघात आहे. या परवानगीसाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्याला आपल्याकडचा जवळचा शब्द ‘वहिवाट’. बार्नने जमीनमालकांना सांगितले, की वहिवाट फुकट द्या. तार तुमच्याच दारी येणार आहे.

आणि बहुतेकांनी दिली. सुरुवातीच्या आराखड्यात आठ पॅरिश होत्या (पॅरिश म्हणजे चर्चच्या जुन्या विभागणीवरून आलेला, आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळ जाणारा सर्वांत लहान घटक). हिशेब असा, की गावांना जोडणारी मुख्य वाहिनी, तिच्यावर ठिकठिकाणी पेट्या, आणि प्रत्येक पेटीपासून घरोघरी स्वतंत्र तार. पुढे हे सारे मँचेस्टरला जगाच्या जाळ्याशी जोडायचे. २०१२ मध्ये खणायला सुरुवात झाली.

खणण्याचे काम नीट पाहण्यासारखे आहे. आधी नकाशावर रेघ ओढायची, मग ती रेघ ज्याच्या ज्याच्या शेतातून जाते त्याच्या दारी जायचे. एखाद्याने नाही म्हटले तर रेघ वळते, आणि वळलेल्या रेघेचा खर्च शेजाऱ्यांवर पडतो. त्यामुळे नकार हा नुसता खासगी निर्णय राहत नाही. (यात जे सामाजिक दडपण आहे त्याकडे बार्नचे कौतुक करणारे लेखक फारसे बघत नाहीत.) मेंढ्यांच्या विणीचे आणि गवत कापणीचे दिवस सांभाळून चर खणायचा, जिथे जमीन मऊ असेल तिथे नांगरासारख्या पात्याने जमीन चिरत जाऊन नळी थेट आत सोडायची. भिंत आली की तिच्या पायाखालून वाट काढायची. ओढा, रस्ता आला की जपून. नळी आधी रिकामीच पुरतात. केसासारखी बारीक काच असलेली तार नंतर दाबलेल्या हवेने तिच्यातून फुंकून नेतात. ती शेकडो मीटर सरसरत जाते. तारेची दोन टोके वितळवून जोडण्याचे नाजूक काम खरे तर कुशल तंत्रज्ञांचे. तेही इथल्या गावकऱ्यांनी शिकून घेतले. घराच्या भिंतीला भोक पाडण्याचे काम ज्याचे त्याने करावे, असा शिरस्ता.

या श्रमांचे मोल पैशात न घेता समभागात घेण्याची सोय होती. म्हणजे ज्याच्याकडे गुंतवायला पैसा नाही, पण फावडे किंवा ट्रॅक्टर आहे, तोही भागधारक. समभागाची किंमत एक पौंड, आणि भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदाला एकच मत. समभाग बाजारात विकता येत नाहीत. फार तर संस्थेकडून पैसे परत घेता येतात. त्यामुळे एखाद्या मोठ्या कंपनीने हळूहळू भाग गोळा करून जाळेच ताब्यात घ्यावे, हे इथे होऊ शकत नाही. सुरुवातीला दरमहा ३० पौंडांत सेकंदाला एक गिगाबिट, तेही दोन्ही दिशांनी, हे त्या काळी लंडनच्या रहिवाशालाही सहज मिळत नव्हते. शाळा आणि चर्चना जोडणी मोफत. याच सुमारास लँकेशर काउंटी कौन्सिलने सरकारी अनुदानाचे ग्रामीण ब्रॉडबँडचे कंत्राट बीटी या बड्या कंपनीला दिले होते. लून खोऱ्यातले पहिले चर खणले गेले ते अशा अनुदानाशिवाय. पुढे, जाळे कंब्रिया-यॉर्कशरकडे पसरत गेले तसे, सरकारी व्हाउचरांचा आधार घेतला गेला आणि पगारी माणसांची संख्याही वाढली. आज जोडण्या दहा हजारांच्या वर आहेत.

एक मत, एक माणूस हे तत्त्व लँकेशरचेच. रॉचडेलच्या २८ कामगारांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवर सहकारी दुकान उघडले, तिथून आधुनिक सहकाराचा इतिहास मोजतात. गंमत अशी, की त्याच वर्षी वर्ड्‌स्वर्थ केंडल-विंडरमिअर रेल्वेच्या विरोधात सुनीत आणि पत्रे लिहीत होता. विरोधामागे निसर्गप्रेम होतेच, पण लोहमार्ग कुणाच्या पैशाने आणि कुणासाठी येतो आहे, हा प्रश्नही त्यात होता. आपण साधारणपणे वर्ड्‌स्वर्थची बाजू वाचतो; रॉचडेलवाल्यांची वाचत नाही. बाहेरून येणाऱ्या भांडवलापुढे खेड्याला फक्त नाही म्हणता येते का, की त्याला स्वतःचे भांडवलही असू शकते? रॉचडेलचे २८ पौंड याच प्रश्नाशी झुंजत होते.

आता महाराष्ट्राकडे. रॉचडेलचा वारसा आपल्याला परका नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून प्रवरानगरच्या साखर कारखान्यापर्यंत तो आपण मिरवत आलो आहोत. एवढेच नव्हे, तर याच पट्ट्यात गावोगावी तारा ओढणारी सहकारी संस्थाही होती. १९६९ च्या सुमारास, अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकाराच्या धर्तीवर, देशात पाच प्रायोगिक संस्था निघाल्या. मुळा-प्रवरा त्यांपैकी एक. चार दशके तिने श्रीरामपूर-राहुरीच्या पट्ट्यात वीज वाटली. तिच्या शेवटाला थकबाकी आणि राजकारण ही कारणे दिली जातात, आणि ती खरीच आहेत. मला त्यापेक्षा मूलभूत वाटते ते असे, की तारा तिच्या होत्या, पण वीज तिची नव्हती. वीज मंडळाकडून ज्या दराने घ्यायची तो दर, आणि शेतकऱ्याला ज्या दराने द्यायची तो दर, दोन्ही दुसरीकडे ठरत. बार्नला मँचेस्टरच्या बाजारात चार विक्रेत्यांपैकी एकाशी सौदा करता येतो. मुळा-प्रवराला विक्रेता एकच होता.

मग तारांचा अनुभव असलेल्या या सहकाराने पुढे फायबर का पुरले नाही? सोपे उत्तर कायद्याचे आहे. १८८५ च्या तारायंत्र कायद्याच्या कलम ४ ने तारा टाकण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. इतरांनी परवाना घ्यावा. त्याच कायद्याच्या कलम १० ने सरकारी यंत्रणेला कुणाच्याही जमिनीतून तार नेण्याची मुभा दिली. इंग्लंडमध्ये वहिवाट मागावी लागली, इथे ती कायद्याने गृहीतच धरली. परिणाम उलटाच झाला. भारतनेटची तार बहुतांशी रस्त्याच्या कडेने गेली, आणि रस्ता रुंद होताना, पाण्याची नळयोजना खणताना ती तुटत राहिली. लून खोऱ्यातल्या शेतकऱ्याला आपल्या कुरणात नळी कुठे आहे ते ठाऊक असते, कारण बऱ्याचदा ती त्यानेच पुरलेली असते. आपल्याकडे तार ग्रामपंचायतीच्या कचेरीतल्या पेटीपर्यंत पोचली; तिथून वस्तीवर, मळ्यात ती कुणी न्यायची, हा भाग योजनेत सर्वांत क्षीण राहिला. दोन वर्षांत अडीच लाख पंचायतींचे उद्दिष्ट होते. पहिल्या टप्प्यातील एक लाख पंचायती डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम आला, त्यात सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी स्वीकारली आहे, म्हणजे एका जागी तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने पुरवठा चालू राहावा.

पण कायद्याचे उत्तर पुरेसे नाही. अधिक अवघड उत्तर जमिनीत आहे. इंग्लंडमधील शेताचा सरासरी आकार ऐंशी हेक्टरांहून अधिक. महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र दीड हेक्टरही नाही. लून खोऱ्यात किलोमीटरभर चर खणायला दोन-तीन सह्या पुरतात. आपल्याकडे तेवढ्याच अंतरात कितीतरी गट क्रमांक ओलांडावे लागतील, आणि प्रत्येक सातबाऱ्यावर भाऊ, चुलते, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, वारसनोंद न झालेले मृत. क्लेअरने ज्या कुंपणांविरुद्ध लिहिले, त्यांनीच जमीन थोड्या हातांत एकवटली. आणि थोड्या हातांत होती म्हणूनच दोनशे वर्षांनी तिची वहिवाट इतक्या सहज देता आली. बार्नच्या औदार्यात हा जुना अन्याय मुरलेला आहे. तो विसरून ‘आपल्याकडे असे का होत नाही’ असे विचारणे म्हणजे आपल्या शेतकऱ्याला मनाने लहान ठरवणे. वास्तविक लहान आहे ते त्याचे शेत.

बांधावरून जाण्याच्या हक्कासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये कलम १४३ आहे. तहसीलदार त्याखाली चौकशी करून वाट देतो. अडवलेल्या वाटेसाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदाही आहे. तहसील कचेऱ्यांत अशी प्रकरणे वर्षानुवर्षे पडून असतात, आणि त्यांचा विषय बैलगाडी नाही तर ट्रॅक्टर असतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने खासगी जमिनीतून तार न्यायची असेल तर आधी मालकाशी करार करण्याची वाट सांगितली आहे, आणि करार जमला नाही तर केंद्र सरकारच्या निर्णयाची.