कदम, बाबा
(४ मे १९२९–२० ऑक्टोबर २००९). मराठी कादंबरीकार व सरकारी वकील. पूर्ण नाव वीरसेन आनंदराव कदम. जन्म अक्कलकोट (जि. सोलापूर) येथे. कोल्हापूर ही त्यांची कर्मभूमी. वकिली आणि लेखन या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी तेथेच नाव मिळवले. निधनही कोल्हापुरातच झाले.

जन्मगाव आणि कर्मभूमी ही दोन्ही भोसले घराण्याची संस्थाने होती. एक सोलापूरकडच्या कोरडवाहू मुलखातले, दुसरे पंचगंगेकाठच्या उसाच्या पट्ट्यातले. अक्कलकोट १९४८ मध्ये, तर कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. राजेशाही ओसरत असताना कदमांची पिढी ऐन तारुण्यात होती. वाडे, इनामदार-सरदारांची घराणी, शिकार, घोडी आणि मानापमान हे त्यांच्या कादंबऱ्यांतील जग या वातावरणातून आले आहे.

रहस्याचा कच्चा माल मात्र त्यांना कचेरीने पुरवला. सरकारी वकिलाच्या टेबलावर गुन्हा येतो तो पंचनामा, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल आणि फितूर होऊ शकणारे साक्षीदार यांच्या रूपाने. जमिनीचा वाद, भाऊबंदकी, संशय, सूड हे खटल्यांमागचे हेतू त्यांना जवळून परिचित होते. त्यामुळे त्यांच्या कथानकांत पोलीस ठाणे आणि न्यायालय केवळ देखाव्यापुरते उरत नाहीत.

बाबूराव अर्नाळकर यांनी रुजवलेल्या रहस्यकथेत झुंजार, काळा पहाड असे धाडसी नायक पुस्तकामागून पुस्तकात परतत आणि मुंबईसारख्या महानगरात वावरत. कदमांनी अशा कायमस्वरूपी नायकावर भिस्त ठेवली नाही. त्यांच्या लेखनात गुन्हा जिल्ह्याच्या गावी, ओळखीच्या माणसांत घडतो. प्रेमकथा, कौटुंबिक संघर्ष आणि गुन्ह्याचा तपास एकाच कथानकात गुंफलेले असतात. त्यामुळे त्यांना निव्वळ रहस्यकथाकार म्हणणे अपुरे ठरते. सोपी, बोलीच्या जवळची भाषा, भरपूर संवाद आणि वेगवान घटनाक्रम ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये होत.

‘प्रलय’, ‘भालू’, ‘दस्तुरखुद्द’, ‘इन्साफ’ आणि ‘पाच नाजूक बोटे’ या त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांपैकी काही. ‘भालू’वर त्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला (१९८०).

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या सार्वजनिक आणि फिरत्या वाचनालयांनी लोकप्रिय कादंबरीला मोठा वाचक मिळवून दिला. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्याबरोबर कदम यांची पुस्तकेही तेथून सतत वाचली गेली. रंजनपर साहित्याकडे समीक्षेने एकूणच कमी लक्ष दिल्याने त्यांच्या लेखनाची चिकित्सा फारशी झालेली नाही. मराठी गुन्हेकथेला दक्षिण महाराष्ट्राचा मुलूख आणि जिल्हा न्यायालयाचा अनुभव मिळवून देणारे लेखक म्हणून त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.