सीपॉचा इंजिनियर राजा

रत्नागिरी पाहिलेल्या मराठी माणसाला थिबा पॅलेसची ओळख करून द्यायला नको. इंग्रजांनी १८८५ साली मंडालेच्या गादीवरून उतरवलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. पण 'थिबा' हे मुळात एका गावाचं नाव आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. ब्रह्मी राजपुत्र आपल्या जहागिरीच्या गावावरून ओळखले जात. हे गाव मंडालेच्या ईशान्येला, शान लोकांच्या डोंगराळ मुलखात आहे. ब्रह्मी लोक त्याला थिबॉ म्हणतात, शान लोक सीपॉ.

ह्याच सीपॉचा शेवटचा राजा तुमच्या-माझ्यासारखाच अमेरिकेत इंजिनियरिंग शिकायला आला होता. कामानिमित्त काही महिने मी डेन्व्हरला होतो, तेव्हा ही हकिकत मला कळली. स्वतः इंजिनियर असल्यामुळे असेल, पण ती डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखप्रपंच.

शान राजांना 'साओफा' म्हणत, म्हणजे आकाशाचा स्वामी. आसामचे आहोम राजे हे त्यांचेच भाऊबंद. लहान-मोठी तीसेक संस्थानं, आपल्याकडच्या सांगली-जत-औंधसारखी. १२ फेब्रुवारी १९४७ ला पांगलाँग इथे शान, काचिन आणि चिन नेत्यांनी ब्रह्मी पुढारी आंग सान ह्यांच्याशी करार केला आणि एकत्र स्वतंत्र व्हायचं ठरलं. नव्या घटनेत शान राज्याला १० वर्षांनंतर फुटून निघण्याचा हक्कही लिहून दिला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२४ साली जन्मलेला साओ च्या सेंग हा सीपॉचा राजा. तो कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी 'कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स'मध्ये मायनिंग इंजिनियरिंग शिकला. डेन्व्हरच्या एका महिला कॉलेजात ऑस्ट्रियाहून फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आलेली इंगे एबरहार्ड ही मुलगी त्याला भेटली. १९५३ च्या मार्चमध्ये दोघांनी डेन्व्हरमध्येच लग्न केलं. गंमत म्हणजे आपण राजा आहोत हे गड्याने तिला सांगितलंच नव्हतं! बोट रंगूनच्या धक्क्याला लागली, छोट्या होड्यांतून माणसं गात-वाजवत, फुलं उधळत आली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. हिने आपल्याला राज्यासाठी नव्हे तर आपल्यासाठीच होकार द्यावा, एवढाच त्याचा हेतू होता.

पुढचा भाग मात्र परीकथेचा नाही, कामाचा आहे. राजघराण्याची भातशेती त्याने ती कसणाऱ्यांनाच देऊन टाकली. ट्रॅक्टर विकत घेऊन शेतकऱ्यांना फुकट वापरायला दिले. शिकलेली विद्या वापरून खनिजांचा शोध घेतला, खाणकामाची कंपनी काढली. इंगे शान आणि ब्रह्मी भाषा शिकली, तिने बाळंतपणाची सोय आणि शाळा उभी केली. लोकांनी तिला 'महादेवी' म्हणून स्वीकारलं. होय, तिकडेही राणीला हाच शब्द!

१९५९ साली सगळ्या शान राजांनी आपली वंशपरंपरागत सत्ता सोडली. इथे मला आपल्या औंधची आठवण होते. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच, गांधीजींच्या सल्ल्याने, राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. १९४८ साली औंध विलीन झालं आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले. सत्ता सोडणाऱ्या राजाला एका देशात असा मान मिळाला. दुसऱ्या देशात काय झालं ते पहा.

२ मार्च १९६२ ला जनरल ने विन ह्याने लष्करी बंड केलं. ते १० वर्षांनंतरचं कलम सैन्याला डाचतच होतं, शान देश फोडतील हे कारण मिळालं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाइक हे शान राजेच. त्यांना पकडताना त्यांचा १७ वर्षांचा मुलगा गोळी लागून गेला, आणि त्याच वर्षी तेही कैदेत वारले. च्या सेंगला टौन्जी शहराजवळच्या लष्करी चौकीवर अडवून नेलं. नेताना पाहणारे साक्षीदार होते. लष्कराच्या कोठडीतून त्याने चोरून पाठवलेली चिठ्ठीही इंगेला मिळाली. तरी सरकारचं उत्तर काय, तर आम्ही त्याला अटक केलीच नाही! प्रेत नाही, खटला नाही, कागद नाही.

इंगे दोन वर्षं नजरकैदेत राहिली. १९६४ मध्ये दोन मुलींना घेऊन ती ऑस्ट्रियाला निसटली, आणि १९६६ मध्ये कोलोरॅडोला परतली. बोल्डरच्या हायस्कूलमध्ये १९९३ पर्यंत जर्मन शिकवत होती. १९९४ साली तिने 'ट्वायलाइट ओव्हर बर्मा' हे पुस्तक लिहिलं, निर्वासितांच्या मदतीसाठी संस्था काढली. त्यावरचा चित्रपट २०१५ मध्ये आला. २०१६ मध्ये तो यांगोनच्या महोत्सवात दाखवू दिला नाही, आणि तो महोत्सव होता मानवी हक्कांचा! इंगेबाई २०२३ च्या फेब्रुवारीत बोल्डरमध्ये वारल्या. नवऱ्याचं काय झालं, ह्याचं सरकारी उत्तर त्यांना ६० वर्षांत मिळालं नाही.

आपल्या गेट-टुगेदरमध्ये जेवणं झाली की 'परत जायचं का?' हा विषय हमखास निघतो. मग शाळा, प्रदूषण, ट्रॅफिक, आई-वडील असा हिशोब सुरू होतो. च्या सेंगला परत जायचं की नाही हा प्रश्नच पडला नाही. त्याने इथली डिग्री नेली आणि असलेली जमीन वाटून टाकली. पण मला इंगेबाईंचा वाटाही तेवढाच मोठा वाटतो. त्यांच्या डोळ्यांदेखत एक माणूस सरकारने कागदावरून पुसला. मुलांना जर्मन व्याकरण शिकवत, घर चालवत त्यांनी तो पुसू दिला नाही. परदेशात राहून मायभूमीसाठी काय करता येतं, ह्याचं एक उत्तर त्यात आहे.

कधी डेन्व्हरकडे गेलात तर गोल्डनला जरूर थांबा. आणि पुढच्या वेळी मुलांना रत्नागिरीचा थिबा पॅलेस दाखवाल, तेव्हा त्या नावाच्या गावचा हा दुसरा राजाही त्यांना सांगा.